आत्याचे मत

२१ फेब्रुवारी २०१७ रोजी मुंबई महानगरपालिकेच्या २२७ जागांसाठी मतदान झाले आणि २३ तारखेस मतमोजणी झाली. त्या दिवशी बहुतेक जागांचे निकाल रीतसर लागत गेले. गिरगाव परिसरातील प्रभाग क्रमांक २२० मध्ये मात्र अघटित घडले. शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर यांना ५,९४६ मते पडली होती आणि भारतीय जनता पक्षाचे अतुल शाह यांनाही ५,९४६. फेरमोजणीचा सोपस्कार झाला. दोघांची पारडी समसमान राहिली ती राहिलीच. अखेर कायद्यात सांगितल्याप्रमाणे चिठ्ठ्या टाकण्यात आल्या, शाह यांच्या नावाची चिठ्ठी निघाली आणि ते नगरसेवक झाले.

वृत्तपत्रांनी ही बातमी गंमत म्हणून चौकटीत छापली, आणि ते साहजिकच होते. आमच्या घरात मात्र ती चौकटीत मावेना. आमची थोरली आत्या त्या प्रभागाची मतदार होती. वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी चाळीचे तीन जिने उतरून, नव्याने ठरलेल्या मतदान केंद्रावर जाऊन तिने मत दिले होते, आणि तिला तेथवर नेऊन परत आणण्याची कामगिरी आमच्याकडे होती. आम्ही वसईकर, त्या दिवशी वसईत मतदान नव्हते. तेव्हा त्या निवडणुकीत आमची भूमिका केवळ हात धरण्यापुरती होती. तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, त्या दिवसाचा आम्ही पुढे पुष्कळ विचार केला.

आमच्या आजोबांनी वसई सोडली ती १९३० च्या दशकात. गिरगावातील एका छापखान्यात ते खिळे जुळविण्याचे काम करीत. दोन खोल्या, बाहेर सामाईक गॅलरी, टोकाला नळ आणि रविवारी सकाळी मिस्सा असा त्या घराचा दिनक्रम होता. त्या काळी महापालिकेसाठी मत देण्याचा अधिकार कर भरणाऱ्यांना आणि ठरावीक भाडे देण्याची ऐपत असणाऱ्यांनाच होता. आपल्या समाजाला अभिमान वाटावा असे काका बॅप्टिस्टा, म्हणजे माझगावच्या माथारपाखाडीचे बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा, १९२५ साली मुंबईचे महापौर झाले, तेही अशाच मर्यादित मतदारांच्या जोरावर. आजोबांचे भाडे त्या मर्यादेत बसत नव्हते. प्रौढ मताधिकाराने मुंबई महापालिकेची पहिली निवडणूक झाली ती १९४८ मध्ये. त्या दिवशी आजोबांनी ठेवणीतला कोट घातला आणि दहा वर्षांच्या आत्याला बरोबर नेले. ती बाहेर रांगेशेजारी उभी राहिली. “आत काय केलंत?” असे तिने परतताना विचारले, तेव्हा आजोबांनी उत्तर दिले नाही, फक्त हसले. ही गोष्ट आत्या आम्हाला इतक्यांदा सांगत असे की, आम्हीच त्या रांगेशेजारी उभे होतो असे आम्हाला वाटू लागले होते.

आमचे वडील १९८१ साली कुटुंब घेऊन वसईला परतले. दोन खोल्यांत आठ माणसे मावत नव्हती, आणि गावी वडिलोपार्जित जागा होती. आत्या राहिली. ती टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती, अविवाहित होती, आजोबा आजारी होते. कारणे पुष्कळ सांगता येतील. पण खरे कारण, आमच्या मते, तिला गिरगाव आवडे हेच होते.

आता प्रभागांच्या सीमांविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे, कारण सारी मेख तेथेच आहे. मुंबईत ‘वॉर्ड’ हा शब्द दोन अर्थांनी वापरतात, त्यामुळे भल्याभल्यांचा घोटाळा होतो. ए, बी, सी असे जे वॉर्ड आहेत ते कारभाराचे विभाग. त्यांच्या सीमा सहसा बदलत नाहीत. नगरसेवक निवडून देणारा प्रभाग वेगळा. तो लोकसंख्येवरून आखला जातो. जनगणनेच्या वेळी प्रगणक घरोघर फिरतो, त्याला नेमून दिलेल्या घरांचा जो लहानसा गट, त्या गटांची जुळणी करून प्रभाग तयार होतो. शहराची एकंदर लोकसंख्या जागांच्या संख्येने भागायची, जी सरासरी येईल तिच्या दहा टक्के अलीकडे-पलीकडे प्रत्येक प्रभाग बसवायचा, शक्यतो मोठा रस्ता, नाला, रेल्वेमार्ग अशी ठळक सीमा धरायची. दहिसरला पहिला क्रमांक द्यायचा आणि उतरत उतरत कुलाब्याला २२७ व्या क्रमांकावर थांबायचे. आराखडा प्रसिद्ध होतो, हरकती मागवितात, सुनावणी होते आणि निवडणूक आयोगाच्या मान्यतेने तो कायम होतो. आपल्यापैकी किती जणांनी आयुष्यात एकदा तरी अशी हरकत नोंदविली असेल? आम्ही तरी असा इसम पाहिलेला नाही.

२०१७ च्या निवडणुकीपूर्वी या सीमा २०११ च्या जनगणनेनुसार नव्याने आखण्यात आल्या. ते आकडे पाहण्यासारखे आहेत. कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंतच्या मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ३३,३८,०३१ होती; २०११ मध्ये ती ३०,८५,४११ भरली. उपनगर जिल्ह्याची ८६,४०,४१९ वरून ९३,५६,९६२ झाली. म्हणजे दहा वर्षांत शहरातून अडीच लाख माणसे कमी झाली आणि उपनगरांत सात लाखांहून अधिक वाढली. एका नगरसेवकामागे सरासरी ५४,८०० माणसे हे माप लावल्यावर शहराच्या वाट्याच्या ६३ जागांपैकी सात गेल्या आणि ५६ राहिल्या. त्या सातांपैकी पाच पश्चिम उपनगरांना मिळाल्या आणि दोन पूर्व उपनगरांना.

यात कोणी लबाडी केली असे म्हणता येत नाही. भागाकार कोणीही करून पाहावा, उत्तर तेच येते. गिरगावच्या जागा कोणी पळविल्या, असा प्रश्न त्या दिवसांत चाळीच्या गॅलरीत हिरिरीने चर्चिला जात होता. आम्ही तेथे बसून चहा पीत होतो. चर्चा करणाऱ्यांपैकी एकाचा मुलगा बोरिवलीस, एकाचे दोन्ही मुलगे डोंबिवलीस, एकाची मुलगी दहिसरला. आणि आम्ही वसईचे. जागा गेल्या त्या आमच्याच पायांनी गेल्या होत्या. प्रत्येक कुटुंबातून एक-एक बिऱ्हाड सकाळच्या गाडीने निघाले, टेम्पोतून कपाटे गेली, आणि जनगणनेच्या वहीत त्यांच्या नावाची नोंद दुसऱ्या गावी झाली. वसई-विरार शहराची लोकसंख्या त्याच २०११ च्या गणनेत बारा लाखांवर गेली, तिच्यात आम्ही सहा जण होतो. याचा पश्चात्ताप करण्याचे काही कारण नाही. मुलाबाळांना मोकळी हवा मिळाली. एवढेच की, आमच्या मोकळ्या हवेचा हिशेब मागे राहिलेल्यांच्या प्रभागात मांडला गेला.

आत्याच्या बाबतीत तो असा मांडला गेला की, गल्लीच्या मधून रेषा गेली. समोरची ओळ, जेथून तिला गेली चाळीस वर्षे दूध येई, ती दुसऱ्या प्रभागात पडली, आणि आत्याची चाळ २२० मध्ये आली. पूर्वी सबंध गल्ली शेजारच्या शाळेत मत देई. आता या बाजूने हमरस्ता ओलांडून एका अनोळखी इमारतीकडे जायचे होते. मतदार याद्या फुटल्या, जुळल्या, पुन्हा फुटल्या. तळमजल्यावर एक निवृत्त मास्तर राहत. त्यांचे नाव त्यांच्या बायकोच्या नावाशेजारी सापडेना. जन्मभर हजेरीपट मांडलेल्या माणसाला आपलेच नाव यादीत सापडू नये याचे त्यांना फार लागले. ते सकाळपासून तीन केंद्रे फिरले. चौथ्या ठिकाणी नाव सापडले असते की नाही, देव जाणे. दुपारी तीनच्या सुमारास त्यांनी पिशवी खुंटीला अडकविली आणि ते झोपले. चाळीत दोन बिऱ्हाडांची दारे बंद होती. त्या माणसांची नावे यादीत होती, पण माणसे केव्हाच ठाण्यापलीकडे राहावयास गेली होती. एका मतासाठी एवढा प्रवास कोण करणार, असे त्यांना वाटले असेल, तर त्यांना दोष कसा द्यावा?

त्या वर्षीच्या निवडणुकीत आणखी एक नवलाई होती. शिवसेना आणि भारतीय जनता पक्ष यांनी मागील अनेक निवडणुका युतीने लढविल्या होत्या. २६ जानेवारी २०१७ रोजी ती युती संपल्याची घोषणा झाली. गिरगावात त्याचा अर्थ असा झाला की, जी मुले वर्षानुवर्षे एकत्र जिना चढून एकच पत्रक देत, ती आता निरनिराळ्या वेळी जिना चढू लागली. आत्याच्या दारात एक जण उभा असेल, तर दुसरा मधल्या जिन्यावर थांबून राही. दोघेही तिला ‘आंटी’ म्हणत. दोघांनाही तिने त्यांच्या लहानपणी नाताळात करंज्या खिलविल्या होत्या. “अहो आंटी, तुमचं तर आपल्यालाच ना?” असे दोघांनीही विचारले आणि दोघांनाही तिने एकच उत्तर दिले: “तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत?”

मतदानाच्या दिवशी आम्ही सकाळी साडेनवाला पोहोचलो तेव्हा ती तयार होऊन बसली होती. निळी साडी, हातात छत्री. ऊन असो वा पाऊस, छत्री तिच्या हाती असेच. तिला काठी म्हणून घेणे कबूल नव्हते. जिना उतरण्यास पंचवीस मिनिटे लागली. जुन्या चाळीचा लाकडी जिना, त्याच्या पायऱ्या मधोमध झिजून द्रोणासारख्या झालेल्या. प्रत्येक मजल्यावर आत्या थांबे, श्वास घेई, आणि दारात आलेल्या माणसाची विचारपूस करी, जणू थांबण्याचे कारण तेच होते. रस्ता ओलांडताना तिने एकदाच विचारले, “ही रेष कोणी काढली रे?” आम्ही भागाकाराची गोष्ट सांगू लागलो. तिने मध्येच हात वर केला. सिग्नल बदलला होता.

केंद्रावर रांग फार नव्हती. शाई लागली, आत्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली. यंत्राचा लांब आवाज येण्यास इतका वेळ लागला की अधिकाऱ्याने मान उंचावून पाहिले. मग आवाज आला. बाहेर आल्यावर आम्ही काही विचारले नाही, आणि तिने काही सांगितले नाही. परतताना तीन जिने चढण्यास पाऊण तास गेला. वर पोहोचल्यावर तिने छत्री जागेवर ठेवली, चहा टाकला, आणि म्हणाली, “झालं एकदाचं.”

दोन दिवसांनी निकाल लागला, आणि ती साधी गोष्ट साधी राहिली नाही.

एरवी आपण सगळेच म्हणतो की आपल्या एका मताने काय होते. लोकसभेला, विधानसभेला हजारोंचे अंतर असते. तेथे हे म्हणणे हिशेबाने खरेही ठरते. एका मताने हरलेली माणसे आहेत, नाही असे नाही. राजस्थानात २००८ साली नाथद्वारा मतदारसंघात सी. पी. जोशी एका मताने पडले. कर्नाटकात २००४ साली ए. आर. कृष्णमूर्ती यांचीही हीच गत झाली. पण ते दूरचे, आणि वाचून विसरण्याचे. येथे मात्र आम्ही ज्या बोटाला धरून जिना चढविला होता, त्याच बोटाची गोष्ट होती. आत्याचे मत शाह यांना पडले असेल, तर ती घरी बसल्यावर त्यांना ५,९४५ मते राहिली असती, चिठ्ठीची वेळ आली नसती आणि बागलकर निवडून आले असते. ते बागलकरांना पडले असेल, तर तिच्यामुळेच त्यांना चिठ्ठीपुरती तरी संधी मिळाली. ती न जाती तर ते एका मताने सरळ पडले असते. आणि तिने तिसऱ्याच कोणाला ते दिले असेल, तर या दोघांपैकी कोणाही एकाकडे ते वळविणे तिच्या हाती होते आणि तिने ते वळविले नाही. कोणत्याही बाजूने पाहा, निकालाची दोरी तिच्या हातून गेली होती. हेच चाळीतल्या प्रत्येक मतदाराविषयी खरे होते. मास्तरांविषयी खरे होते, बंद दारांविषयीही खरे होते. सबंध मुंबईत त्या वर्षी ५५ टक्क्यांच्या आसपास मतदान झाले. त्याआधीच्या निवडणुकीपेक्षा ते बरेच अधिक, असे कौतुकाने लिहिले गेले. म्हणजे तरीही शंभरातील पंचेचाळीस दारे बंद होती.

चाळीला हे कळायला वेळ लागला नाही. त्या आठवड्यात आत्याच्या खोलीत जितकी माणसे येऊन गेली, तितकी तिच्या पंचाहत्तरीलाही आली नव्हती. सगळ्यांना एकच जाणायचे होते. विजयी बाजूचा मुलगा पेढे घेऊन आला आणि म्हणाला, “आंटी, तुमच्या एका मताने झालं.” पराभूत बाजूचा मुलगा रिकाम्या हाताने आला आणि म्हणाला, “आंटी, तुम्ही होतात म्हणून बरोबरी तरी झाली.” आत्याने पहिल्याचा पेढा दुसऱ्याला दिला. मास्तर तेवढे आठ दिवस वर आले नाहीत. मग एका संध्याकाळी आले, बराच वेळ खुर्चीत बसले, आणि काही न विचारता गेले.

आम्ही विचारले. भाचा म्हणून तेवढा हक्क आहे, असे आम्हाला वाटले. आत्या म्हणाली, “अरे, अडतीस वर्षं मी लोकांच्या तारा जोडल्या. कोण कोणाशी काय बोललं ते कानावर पडायचंच. कधी कोणाला सांगितलं का? मग माझंच कसं सांगू?” त्यावर बोलण्यासारखे काही नव्हते.

चिठ्ठीविषयी मात्र तिला बोलायचे होते. तिला ती पद्धत पसंत नव्हती. “दोघांना सारखी मतं पडली ना? मग अडीच-अडीच वर्षं वाटून घ्यायची. दोन जावा एका चुलीवर नांदतात, यांना काय झालं?” कायदा याला परवानगी देत नाही, असे आम्ही सांगितले. विधानसभा-लोकसभेसाठीच्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ६५ व्या कलमात या प्रसंगी काय समजावे ते नेमके लिहिले आहे: ज्याची चिठ्ठी निघेल त्याला एक मत अधिक पडले असे धरून पुढे चालावे. आत्याला हे फार चमत्कारिक वाटले. “कोणाचं मत ते?” कोणाचेच नाही, आम्ही म्हणालो. “म्हणजे मी तीन जिने उतरले, आणि जो कोणीच नाही तोही एक मत देऊन गेला.”

आम्ही चिठ्ठीची बाजू घेतली, आणि अजूनही घेतो. चिठ्ठी ही काही आजची युक्ती नव्हे. यहुदाच्या रिकाम्या जागी बारावा प्रेषित निवडण्याची वेळ आली तेव्हा जमलेले सुमारे एकशेवीस बंधू काही मोजदाद करीत बसले नाहीत. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात ती हकिकत आहे. योसेफ बर्सबा आणि मथिया, दोघेही सारख्याच योग्यतेचे, दोघेही पहिल्यापासून बरोबर असलेले. मंडळींनी प्रार्थना केली, चिठ्ठ्या टाकल्या आणि मथियाच्या नावाने चिठ्ठी निघाली. हा दाखला दिल्यावर आत्या निरुत्तर होईल अशी आमची अपेक्षा होती. ती म्हणाली, “त्यांनी आधी प्रार्थना केली होती. आणि त्या दुसऱ्याचं पुढे काय झालं?” घरी येऊन आम्ही पुस्तक उघडले. योसेफ बर्सबाचे नाव त्या ग्रंथात पुन्हा येत नाही. खरे तर मथियाचेही येत नाही.

या एका जागेने महापालिकेचे पारडे फिरले असते का, असाही प्रश्न तेव्हा काहींनी काढला होता. शिवसेनेला ८४ जागा मिळाल्या होत्या आणि भारतीय जनता पक्षाला ८२, तेव्हा एकेका जागेला मोल होतेच. पुढे ८ मार्च रोजी महापौरपदाच्या निवडणुकीत विश्वनाथ महाडेश्वर निवडून आले, आणि तेही भारतीय जनता पक्षाच्या पाठिंब्याने. मधल्या जिन्यावर थांबणारी मुले पुन्हा एकत्र जिना चढू लागली की नाही, ते आम्ही विचारले नाही. आत्याच्या दृष्टीने नगरसेवक म्हणजे महापौरपद नव्हे आणि स्थायी समितीही नव्हे. नगरसेवक म्हणजे मागची घरगल्ली.

ज्यांनी दक्षिण मुंबईची जुनी वस्ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो: दोन चाळींच्या पाठी एकमेकींना जवळजवळ टेकलेल्या असतात आणि त्यांच्या मधल्या चिंचोळ्या सांदीत मैल्याचे नळ, सांडपाणी आणि वरून टाकलेला सगळा संसार असतो. तीच घरगल्ली. ती तुंबली की तळमजल्यावर दुर्गंधी, वर डास, आणि पावसाळ्यात आजार. कायदा, अंदाजपत्रक, विकास आराखडा या सगळ्या शब्दांचा अर्थ आत्याच्या चाळीत त्या एका सांदीपाशी येऊन थांबे. ती साफ करून घेण्यासाठी कोणाच्या तरी मागे लागावे लागते, आणि ज्याच्या मागे लागायचे त्याला पाच वर्षांनी पुन्हा आपल्या जिन्यावर यावे लागते. लोकशाहीची आत्याने केलेली व्याख्या ही एवढीच होती. ती अपुरी आहे, असे आम्हाला अद्याप कोणी पटवून दिलेले नाही.

७ मार्च २०२२ रोजी त्या महापालिकेची मुदत संपली. नवी निवडणूक झाली नाही. प्रशासक नेमण्यात आला. मधल्या काळात जागांची संख्या २२७ वरून २३६ करण्यात आली होती, तिच्याप्रमाणे सीमा पुन्हा आखल्या गेल्या, सरकार बदलले, ती संख्या पुन्हा २२७ वर आणण्यात आली, आणि प्रकरणे न्यायालयात गेली. आम्ही आत्याला प्रत्येक बातमी वाचून दाखवीत असू. पहिल्या वर्षी ती “मग कधी आहे?” असे विचारी. तिचे गुडघे आता जिन्याला दाद देत नव्हते, तरी छत्री खुंटीवर तयार असे. त्या पावसाळ्यात घरगल्ली तुंबली तेव्हा तिने फोनची वही काढली, चष्मा लावला, पान उघडले, आणि मग वही मिटून आमच्याकडे पाहिले. “आता कोणाला सांगायचं?”

२०२३ च्या सप्टेंबरात आत्या प्रभूकडे गेली. पंच्याऐंशी वर्षांची होती. २०१७ चे ते मत महापालिकेसाठी तिने दिलेले शेवटचे मत ठरले. ते तिने कोणाला दिले, हे तिच्याबरोबर गेले. तिच्या कपाटात आम्हाला टेलिफोन खात्याचे ओळखपत्र, आजोबांची जपमाळ आणि त्या दिवशीची मतदान केंद्राची चिठ्ठी सापडली, तीवर कोणाच्याही पक्षाचे चिन्ह नव्हते. दोन्ही मुलांनी आणून दिलेल्या छापील चिठ्ठ्या न वापरता तिने आपले नाव, अनुक्रमांक आणि खोली क्रमांक एका कोऱ्या कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहून नेला होता.

अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यातील रखडलेल्या स्थानिक निवडणुका घेण्याचा आदेश दिला, आणि १५ जानेवारी २०२६ रोजी मुंबईत मतदान झाले. त्याच दिवशी आमच्या वसई-विरारमध्येही झाले. वसईकरांचा उपवास मुंबईपेक्षाही लांबला होता: आमची महापालिका स्थापन झाली २००९ मध्ये, निवडणुका झाल्या २०१० व २०१५ साली, आणि त्यानंतर थेट २०२६. २०१५ मध्ये आमचा प्रभाग एका नगरसेवकाचा होता. आता मुंबई वगळता राज्यातील महानगरपालिकांत बहुसदस्य प्रभाग आहेत. चार-चार प्रभाग एकत्र गुंफले आणि प्रत्येक मतदाराने एकाच वेळी चार मते द्यावयाची, असे झाले. आमची पत्नी आत जाऊन बराच वेळ बाहेर येईना. बाहेर आल्यावर म्हणाली, “तीन वेळा कळलं, चौथ्या वेळी नुसतं बटण दाबलं.” एवढ्या विस्तारलेल्या प्रभागात कोणाचा जिना कोण चढणार, आणि तुंबलेल्या गटाराचे गाऱ्हाणे चौघांपैकी कोणाच्या दारात नेले म्हणजे तो उरलेल्या तिघांकडे बोट दाखविणार नाही, हे आम्हाला अजून समजलेले नाही. मोठ्या प्रभागात मोठा विचार होतो, असे त्याच्या बाजूने म्हणतात. होत असेल. आमच्या पाखाडीतल्या गटाराची रुंदी मात्र आहे तेवढीच आहे.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही गिरगावात मास्तरांना फोन केला. ते आता ऐकू कमी येते म्हणून मोठ्याने बोलतात. या खेपेस त्यांनी महिनाभर आधी यादी तपासून घेतली होती, सकाळी सर्वांत आधी जाऊन मत दिले होते, आणि परत येऊन तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून आत्याच्या बंद दारासमोर जरा वेळ उभे राहिले होते. “सवय म्हणून,” असे त्यांनी सांगितले.

नव्या सीमांचे नकाशे प्रसिद्ध झाले तेव्हा आम्ही ते जिज्ञासेने पाहिले होते. सीमा नव्या असल्या तरी त्यांच्या मुळाशी असलेली मोजणी जुनीच होती. २०२१ ची जनगणना झाली नाही. त्यामुळे २०२६ ची निवडणूकदेखील २०११ च्याच आकड्यांवर झाली. त्या आकड्यांतील ३०,८५,४११ माणसांत आमची आत्या आहे, तिसऱ्या मजल्यावर आहे, आणि बंद दारांपैकी एकाचे बिऱ्हाडही बहुधा आहे. नव्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ हा ठरला आहे. प्रगणक येईल तेव्हा खोली बंद असेल; चावी मास्तरांकडे ठेवली आहे.